माझ्या खोलीतली पाहुणी

९ एप्रिल

आई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणाखाण्याची आबाळ नाही. तुझं पत्र पोचलं. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत माझ्या खोलीत राहायला आलेली इथली मुलगी बाबांशी पत्ते खेळते, तुझ्याशी गप्पांत रंगते, हे वाचून बरं वाटलं. जरा जळफळाटही झाला. बाबा मला कधी जिंकू देत नाहीत.

गेल्या आठवड्यात शिबिरात आम्ही दोरावरून कडा उतरलो. गटाची प्रमुख मी होते. एक मुलगा जमेल जमेल म्हणत होता, पण त्याचे पाय लटपटत होते. मी त्याला थांबवलं. बाकीचे वैतागले, पण आमच्या प्रशिक्षक बाईंनी पाठ थोपटली. मी तरंगतच घरी आले.

तिच्या घराबद्दल, जिथे मी राहते, मी फारसं लिहीत नाही, हे तू ओळखलं असशीलच. घर नीटनेटकं आहे. तिची आई, म्हणजे काकू, मायाळू आहेत. तिचे बाबा, काका, मोजकं बोलतात.

रविवारी तुमच्या पाहुणीचा फोन आला. तिला आणखी काही महिने तुमच्याकडे राहायचंय. काकांनी शांतपणे फोन ठेवला आणि काकूंच्या थोबाडीत मारली. जेवणाच्या टेबलावर, माझ्यादेखत. मग मला म्हणाले, "जेवून घे, गार होतंय."

काकूंनी खाली पडलेला चमचा उचलून धुतला.

सकाळी काका कामावर गेल्यावर काकूंनी विचारलं, "ती तिकडे हसते का गं?"

मी म्हटलं, खूप.

"मग तिला यातलं काही कळवू नकोस. माझ्यासाठी धावत येईल."

मी पाहुणीला कळवलं नाही. बाईंना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी मला स्वतःच्या घरी आणलं. काकूंनाही चला म्हणाल्या, पण त्या आल्या नाहीत. माझी बॅग मात्र त्यांनीच भरली, एकेका कपड्याची घडी घालून.

तिला इतक्यात परत पाठवू नका. काही विचारूही नकोस. आपणहून बोलली तर ऐकून घे. आणि बाबांना सांग, पत्ते खेळताना थट्टेतही आवाज चढवू नका.

काकूंना मी रोज फोन करते. आज सकाळपासून त्यांनी उचललेला नाही. बाई त्यांच्याकडे निघाल्यात. मला नको म्हणाल्या, पण मी बूट घालून बसलेय.

काळजी करू नकोस, असं या वेळी लिहीत नाही.

तुझी
भिंगरी