तोंडातला खडा

प्रिय चिमण्या,

एकतीस वर्षांच्या माणसाला चिमण्या म्हणू नका, साइटवर कुणी ऐकलं तर हसतील, असं तू मला बजावलं आहेस. पत्र कुणी ऐकत नाही, म्हणून लिहितो. डाव्या हातात सुया आहेत, उजवा मोकळा आहे आणि अजून चार तास या डायलिसिसच्या मशीनपाशी पडून राहायचं आहे. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. तुझ्या पाण्याविषयी सांगायचं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू लगेच रडवेला होतोस, मग मी तुझी समजूत काढत बसतो आणि सांगायचं ते राहूनच जातं.

घरची बातमी म्हणजे, तुझी आई आता माझं पाणी मोजते. दिवसाला तीन पेले. त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. औषधाच्या मापाने ओतते, सोनारही इतकं बारीक मोजत नसेल. मी चूळ भरायला गेलो की दाराशी उभी राहते, गिळलं की काय ते बघायला. बटाटे चिरून भिजत घालते, ते पाणी ओतून देते, मग उकडते, तेही पाणी ओतून देते, आणि जे उरतं त्याला आम्ही बटाटा म्हणतो. मीठ तर घरातून हद्दपार झालं आहे. माझ्याबरोबर तीही अळणीच खाते. तुला कशाला ही शिक्षा, असं मी विचारलं, तर तिने माझ्या ताटात आणखी एक डाव अळणी भाजी वाढली. तहान फारच असह्य झाली की बर्फाचा एक खडा तोंडात ठेवायला देते. तो चघळताना मला दुसरा, दगडाचा खडा आठवतो.

तो आता तुझ्याकडे आहे. सत्तावीस वर्षं माझ्या तोंडात होता, झिजून बदामाएवढा झाला. माझ्या क्रेनच्या केबिनपर्यंत तीनशे बारा पायऱ्यांची शिडी. एकदा वर गेल्यावर लघवीसाठी उतरायचं म्हणजे अर्धा तास काम ठप्प, खाली स्लॅब ओतणारी माणसं ताटकळत उभी आणि वॉकीटॉकीवर मुकादमाची मुक्ताफळं. म्हणून सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तोंड सुकलं की खडा जिभेखाली. उन्हाने डोकं ठणकायला लागलं की दुखण्याची गोळी, तीही कोरडीच. रोज एक, उन्हाळ्यात दोन. पावलं सुजायला लागली तेव्हा मी मोठ्या मापाचे बूट घेतले, डॉक्टरकडे गेलो नाही. आणि मिजास तर काय विचारू नकोस. दुसरे ऑपरेटर सकाळी दोनदा उतरायचे, त्यांना मी गळके नळ म्हणायचो. मी एकदाही उतरत नसे.

तुला क्रेन चालवायचं लायसन्स मिळालं त्या दिवशी मी तो खडा धुऊन तुझ्या तळहातावर ठेवला. तुझी आई म्हणाली, बाप मुलाला घड्याळ देतो, हे काय उष्टं देता. तू मात्र तो सरळ तोंडात टाकलास. लहान असताना मी कामावरून आलो की माझ्या खिशातून काढून असाच टाकायचास. मला भरून आलं होतं. महिनाभरात तुझा फोन आला, बाबा, आज एकदाही उतरलो नाही. मी शाबास म्हणालो. तो शब्द परत घेता येत असता तर फार बरं झालं असतं.

माझ्या शेजारच्या पलंगावर एक शिंपी असायचा. गिऱ्हाईक खोळंबू नये म्हणून जन्मभर शिलाईच्या मशीनवरून न उठलेला माणूस. लोक जेवणावर बोलतात तसे आम्ही दोघं पाण्यावर बोलायचो. कुठलं पाणी गार, कुठलं गोड. तो म्हणायचा, लोक तहान लागल्यावर विहीर खणतात, आपण शहाणे, विहिरीच्या काठावर बसून तहान मारली. सोमवारपासून त्या पलंगावर दुसरंच कुणी असतं. मी नर्सला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आता लिहायला बसलो ते लिहितो. तू मला किडनी द्यायला आलास, सगळ्या तपासण्या केल्यास आणि रजा संपली म्हणून अहवाल आणायचं माझ्यावर सोपवून गेलास. मी तुला कळवलं की जुळत नाही. खोटं बोललो. सगळं जुळतं, चिमण्या. पण डॉक्टर म्हणाले, मुलाची किडनी घेता येणार नाही, कारण तिचंच दुखणं सुरू झालं आहे. लघवीतून प्रथिनं जात आहेत, रक्तदाब चढलेला आहे. आत्ता धरलं तर रोखता येईल, त्याला लगेच पाठवा, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तो काम काय करतो, पाणी पितो की नाही. खड्याचं सांगायची मला लाज वाटली. आज तेवीस दिवस झाले. तेवीस दिवस तू ती शिडी चढतो आहेस, आणि बापाच्या उपयोगी पडलो नाही म्हणून स्वतःला बोल लावतो आहेस. चूक तुझी नाही, माझी आहे, आणि तिची माफी मागण्याइतकंही तोंड मला उरलेलं नाही. अहवाल सोबत ठेवला आहे. तो घेऊन या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दुखण्याची गोळी आजपासून बंद. जेवताना वरून मीठ घेऊ नकोस. पाण्याची बाटली वर ने, तहान लागायची वाट न बघता पी, आणि लघवी लागली की खाली उतर. मुकादम ओरडेल, त्याला ओरडू दे. आणि तो खडा पाकिटात घालून मला पाठव. फेकून देऊ नकोस, तू फेकलास की नाही ते मला इथे कळणार नाही. तो माझ्या हातात आला, म्हणजे तुझ्या तोंडात नाही एवढं तरी मला कळेल.

पोस्टमनची वाट पाहणारा,
तुझाच
बाबा