घड्याळातली पावलं

प्रिय ताई,

तू पाठवलेलं पावलं मोजणारं घड्याळ वर्षभर ह्यांच्या मनगटावर होतं. हे बाजारात जायचे, जिने चढायचे आणि तो आकडा मी तुला माझा म्हणून कळवायचे. तू "शाब्बास" म्हणायचीस, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली, पण मी खिडकीजवळच्या खुर्चीतून उठतच नव्हते. वजन अकरा किलोंनी वाढलं. डॉक्टरीणबाई कळकळीने सांगायच्या, "तासन्‌तास बसू नका, रोज चाला." मी नुसती मान डोलवायचे.

आळस नव्हता गं. ह्याच दुखण्यात आई झिजत गेली आणि शेवटी शेवटी तिची अंगठी सैल झाली, तेव्हा आपण दोरा गुंडाळून ती घट्ट करायचो. दर आठवड्याला आणखी थोडा दोरा. तेव्हापासून अंगावर मांस असलं की मला धीर वाटतो.

गेल्या महिन्यात ह्यांनी घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. "माझ्या चालण्याने तू बरी राहणार असतीस, तर मी थांबलोच नसतो," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मग मी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जाऊन, कुंपणाला धरून धापा टाकत उभी राहिले. त्यानंतर रोज गेले.

आज काट्यावर वजन दोन किलोंनी कमी भरलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, हे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र न्हाणीघराचं दार लावून खूप रडले.

उद्याही चालायला जाणार आहे. पण हे वाचून तू धावत येशील, म्हणून पत्र धाडत नाही.

तुझी,
धाकटी