निनादचा ट्रेड मीच सुचवला

अहो,

तुम्ही गेल्यापासून चौदा महिन्यांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. फोटोशी बोलून भागत होतं. आज भागत नाहीये, कारण आज भांडायचंय, आणि फोटो मेला नुसता हसत बसतो.

उद्या दुपारी तीनपर्यंत निनादनं 'हो' म्हटलं तर तो दुसऱ्या टीमकडे जाईल. नाही म्हटलं तर इथेच बसून राहील. बसून बरं का, खेळून नाही! आणि तो नाही म्हणतोय. तुमच्यामुळे. तुमच्या त्या शपथेमुळे!

पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलायची सवय आहे तुम्हाला, आज गप्प ऐका.

गेल्या महिन्यात मी टीव्हीवर त्याच्या आइस हॉकीची मॅच लावली, तर निनाद बर्फावर दिसेचना. मला वाटलं, परत गुडघा गेला. एवढ्यात कॅमेरा वर प्रेक्षकांत फिरला, आणि तिथे आपला मुलगा! सूट, टाय, हातात पॉपकॉर्न. चांगला धडधाकट असताना कोचनं त्याला बसवलं होतं, नव्या पोरांना संधी द्यायची म्हणून. छत्तीस वर्षांचा झालाय, कबूल. पण बारा सीझन हाडं मोडून घेतली त्यानं या लीगमध्ये, समोरचे तीन दात खोटे आहेत त्याचे! कॅमेरा आल्यावर त्यानं हसून हात हलवला. असलं हसू त्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या एजंटला फोन केला. हो, मी! अमेरिकेत, या ट्रॉय गावात पस्तीस वर्षं राहून जिला पिझ्झा ऑर्डर करताना घाम फुटतो, तिनं. म्हटलं, "ही इज ओल्ड, बट ही इज गुड. फाइंड हिम अ टीम दॅट विन्स." त्या बिचाऱ्यानं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "मॅम, आर यू आस्किंग फॉर अ ट्रेड?" मी म्हटलं, येस. आणि निनादला सांगायचं नाही.

आठवतं, ट्रेड म्हणजे काय ते तुम्ही मला समजावून दिलं होतंत? एक टीम आपला खेळाडू देते, बदल्यात दुसरीकडून एखादं पोरगं घेते. मी म्हटलं, "म्हणजे बोहारीणच की! जुने कपडे द्या, वाटी घ्या." तुम्ही इतके हसलात की बशीतला चहा शर्टावर. आणि आता मीच बोहारणीला दारात बोलावलं.

बोहारीण आली हो खरंच! पश्चिम किनाऱ्यावरची टीम. पहिल्या नंबरावर आहे. त्यांच्या एका जाणत्या खेळाडूचा हात मोडला, त्याच्या जागी त्यांना निनाद हवाय, बदल्यात वीस वर्षांचा एक मुलगा देतायत. कप जिंकतील म्हणे या वर्षी. कप, अहो! ज्याच्यासाठी तुम्ही पहाटे पाचला गाडीवरचा बर्फ खरवडून त्याला रिंकवर न्यायचात आणि कानटोपी घालून कुडकुडत बसायचात. त्या टोपीवरून बाकीचे बाबा हसायचे, तरी काढली नाहीत कधी.

पण मला काय ठाऊक, की निनादच्या सहीशिवाय त्याला कुणी हलवूच शकत नाही! एजंट म्हणाला, करारात ती अट तुम्ही घालायला लावलीत, तो इथे घराजवळ खेळायला आला तेव्हा. मला एका शब्दानं बोलला नाहीत. कागदावरही बांधून ठेवलंत आणि वर शपथही घातलीत! एवढा कसला हो तुमचा अविश्वास?

आज सकाळी निनाद आला. थालीपीठ खाता खाता म्हणाला, "आई, देअर वॉज अ ट्रेड. आय सेड नो." इतक्या सहज, जणू दूध आणायचं राहिलं. माझ्या हातातलं उलथणं तव्यावर पडलं. का, विचारलं तर म्हणतो, "बाबांची शपथ आहे ना."

मी काय काय नाही केलं! वर्षाकाकू शेजारीच आहेत म्हटलं. ड्रायव्हिंग पुन्हा सुरू करते म्हटलं. तो हसला. गेल्या हिवाळ्यात मी गाडी लेटरबॉक्सवर घातली, ती त्यानंच ओढून काढली होती. मग मी खोटं बोलले. म्हटलं, बाबा स्वप्नात आले होते, जा म्हणाले. तर विचारतो, "काय घातलं होतं त्यांनी?" मी घाईत म्हणून गेले, "पांढरं धोतर." तो बघतच राहिला. "आई, बाबा? अँड धोतर?" कपाळ माझं! जन्मभर तुम्ही पट्ट्यापट्ट्यांची ट्रॅकपँट सोडून काही घातलं नाहीत. आम्ही दोघं हसलो, मग तो उठला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रॅक्टिसला गेला. गुडघा वाकत नाही त्याचा नीट. पायऱ्या एकेक करून उतरतो.

तो गेल्यावर एजंटचा फोन. "टुमारो, थ्री ओ'क्लॉक, मॅम. आफ्टर दॅट इट्स ओव्हर." पुढच्या वर्षी त्याला कुणी विचारणार नाही. वर्षभर सूट घालून पॉपकॉर्न खायचं आणि मग घरी बसायचं. माझ्यासाठी!

खरं सांगू? त्यानं 'नो' म्हटलं तेव्हा क्षणभर मला इतकं बरं वाटलं! दर मंगळवारी तो येतो, बल्ब बदलतो, माझ्या गोळ्या डबीत भरतो. तो गेला तर या घरात मी दिवसभर कुणाशी बोलू? भीती वाटते हो मला. पडले तर कुणाला कळेल? हे सगळं खरंय. आणि म्हणूनच मला माझी लाज वाटते. मीच त्याला पाठवायला निघाले आणि मीच मनातून त्याचा हात धरून बसलेय.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही त्याचा हात स्वतःच्या छातीवर दाबून म्हणालात, "माझी शपथ आहे, आईला एकटीला सोडून कुठे जायचं नाही." मी शेजारीच उभी होते. मला विचारलंत? मी काय चीजवस्तू होते, राखायला ठेवायची? तेव्हाच ओरडायला हवं होतं मी. पण मरणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं!

शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं. म्हणा ना हो! सकाळपासून फोटोसमोर हात जोडून बसलेय, एकदा म्हणा. तुम्हाला नाही म्हणता येणार, कळतंय मला. पण मग मी काय करू, कुणाच्या पाया पडू?

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये निनाद कॉफी आणायला खाली गेला होता, तेव्हा मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं होतं, "माझी शपथ आहे, मला सोडून जायचं नाही." तुम्ही डोळे उघडलेत. ऐकलंत तुम्ही, मला माहीत आहे. आणि तिसऱ्या दिवशी गेलात. चौदा महिने मी तुमच्यावर रागावलेय त्यासाठी. शपथ मोडलीत म्हणून! जसं काही तुमच्या हातात होतं.

म्हणजे मीही तेच केलं. जाणाऱ्याची वाट अडवली.

उद्या सकाळी दहाला मी वर्षाकाकूंना गाडी काढायला लावून रिंकवर जाणार आहे. निनादला सांगणार, ट्रेड मीच सुचवला. चिडेल, चिडू दे. आणि शपथेचं मी तुमच्या वतीनं म्हणणार, सुटली. त्याचं पाप लागायचं तर मला लागू दे. अडतीस वर्षं संसार केलाय, एवढा हक्क आहे मला. तो सही करेपर्यंत मी तिथून हलणार नाही, आणि त्याच्यासमोर रडणार नाही, हा माझा शब्द.

पण आधी तुमचं. ऐका.

सुटली हो. माझी शपथ सुटली. जा तुम्ही.

तुमची,
सुलभा