टेबलाखालचा पंखा

३ मार्च
शुद्धलेखनाची आधीच माफी. शाळा नववीत सोडली, आणि टाईप एका बोटाने करतो, म्हणून हळू चालणार. कुणी वाचणार नाहीये, तरी लाज वाटते!

आई आज परत पेटली. हा तिचाच शब्द. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती, एकदम मान लाल, तोंड लाल, घाम टपकला तो गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टवर. बाबा म्हणाले, "इस्त्रीसमोर गरम होणारच! मला नाही होत?"

तुम्हाला कॅन्सर झाला होता का? — हे बोललो नाही. गिळलं. नेहमीसारखं.

आईच्या छातीचं ऑपरेशन झालं, केमो झाली. आता रोज एक गोळी, काही वर्षं. आजार परत येऊ नये म्हणून. त्या गोळीनेच पेटते.

९ मार्च
दुकानात पंखा लावू म्हणालो. बाबा — "इस्त्रीच्या दुकानात पंखा? इस्त्री गार, कपडे जमिनीवर! अक्कल गहाण टाकलीस का?" आई पण त्यांच्याच बाजूने. घाम पुसत पुसत!

१५ मार्च
ताईला फोन केला. लग्न झाल्यापासून तिचं येणं कमीच, आजारपणात तर बंदच. म्हणते, "असलं मला नको सांगूस रे, भीती वाटते."

आणि मला मजा येते का? आई पाळीचं, छातीचं सगळं मला सांगते, भिंतीकडे बघत. मी पण भिंतीकडेच बघतो. हे मुलीला सांगायचं असतं ना!

२२ मार्च
छोटा पंखा आणला. टेबलाच्या कडेखाली, आईच्या बाजूला, तोंड तिरकं वर करून बांधला. वारा सरळ आईच्या गळ्याला, इस्त्रीला अजिबात नाही. बाबा वाकून बघून गेले. म्हणजे चाललं.

२० एप्रिल
आई पेटत नाही! लॉजच्या चादरींचा अख्खा गठ्ठा संपवला, एकदाही थांबली नाही. "तुझ्या पंख्याची कमाल रे," म्हणाली. मी दिवसभर शिट्टी वाजवत होतो.

२६ एप्रिल
औषधवाला रस्त्यात भेटला. "काय रे, दुसरं दुकान धरलंत का? आई गोळ्या न्यायला फिरकलीच नाही."

पंखा! कसला डोंबलाचा पंखा!

घरी येऊन विचारलं. "गोळी कधी सोडलीस?"
"तू पंखा आणलास ना, तेव्हाच."
"का?"
"जळत जगण्यापेक्षा चार दिवस गार जगेन." हे म्हणताना पँटची घडी जुळवत होती. वर बघितलं पण नाही.

मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. बाबांनी हात उगारला — माझ्यावर! "आईला उलट बोलतोस?"

३० एप्रिल
एकटाच आईच्या कॅन्सरच्या दवाखान्यात गेलो. बाकावर सगळ्या बायका. मान खाली घालून बसलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बोल बाळा." मग फरशीकडे बघत सगळं सांगून टाकलं.

रागावल्या नाहीत. "खूप जणी अशाच सोडतात. आम्हाला सांगत पण नाहीत." गोळी मनाने बंद करायची नाही म्हणाल्या. पेटणं कमी करायला वेगळं औषध असतं. उदास माणसांना देतात तेच, थोडं. नाहीतर मुख्य गोळी बदलून बघता येते. सैल सुती कपडे, गरम चहा कमी. कुणाचा झाडपाला विचारल्याशिवाय नको. "पण तिला तपासल्याशिवाय नाही देणार. घेऊन ये."

पंख्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "तो राहू दे. तो बरोबर आहे." तेवढ्यावरच रडू आलं, साला.

२ मे
आई येत नाही. बाबा — "आता वेड्यांची गोळी पण खायची? लोक काय म्हणतील!"

लोक! लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतो, म्हणून त्यांच्या बोलण्याला पण इस्त्री करून ठेवायची का?

५ मे
परत विचारलं. "नाही."

७ मे
आज विचारलं, तर आई पुढचा शर्ट ओढून इस्त्री करायला लागली. पंखा मात्र चालू असतो. मला त्याचा आवाज ऐकवत नाही.

१० मे
ताईचा फोन आला. तिला दिवस गेलेत! बाबा गल्लीभर सांगत सुटले.

आईने इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं. "चल, तुझ्या त्या डॉक्टरबाईंकडे."

मी एवढा घसा फोडला, तेव्हा नाही. चपला माझ्याआधी घालून उभी होती.