डाव्या बाजूचा बैल

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता बराच म्हातारा झालो आहे. उद्या पोळा आहे. आणि उद्याच घमापूरचा कबाडी भंगार न्यायला टेम्पो घेऊन येणार आहे. सकाळपासून या दोनच गोष्टी डोक्यात फिरत आहेत. प्रेशरची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. महाराजपूरचं आपलं घर विकलं. पोराने विकलं, म्हणजे सही मीच केली. तो मला भोपाळला नेणार, तिसऱ्या मजल्यावर. घर घेणारा माणूस तसा सभ्य आहे. अंगणाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "अंकल जी, बस ये कबाड़ हटवा दीजिए." कबाड म्हणजे तुमचा बैल.

गावची बैलजोडी विकून तुम्ही इथे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत लागलात, त्यानंतरचा पहिला पोळा मला आठवतो. आईने सवयीने पुरण शिजवलं आणि ताट हातात घेऊन दारात उभी राहिली. "आता निवद कोणाले दाखवू? तुमच्या सायकलीले?" पुढच्या रविवारपासून अंगणात ठोकाठोक सुरू झाली. फॅक्टरीच्या लिलावात मोडक्या खोक्यांच्या फळ्या मिळत, त्यांचे पाय झाले. त्याच खोक्यांच्या लोखंडी पट्ट्या वाकवून बरगड्या झाल्या, फुटक्या घमेल्याचं वशिंड, नर्मदेच्या गोट्यांचे खूर, हिरव्या बाटल्यांच्या बुडांचे डोळे. मान मात्र तुम्ही पाटणच्या रस्त्यावरून सायकलला बांधून आणलीत. बाभळीचं मूळ होतं ते, वर चढणारं आणि चढता चढता डावीकडे वळणारं. शेजारचे मिश्राजी कुंपणावरून वाकून बघत होते. "भैया, भैंस बनाई है क्या?" तुम्ही तोंडातला खिळा काढलात आणि म्हणालात, "भैंस होगी आपके घर. ये हमारा दाहिना बैल है."

मी विचारलं होतं, "बाबा, याची मान वाकडी काहून?"

"वाकडी नाही रे. जोडीदाराकडे पाहून राहिला तो."

"कुठं आहे जोडीदार?"

"करून राहिलो न मी. घाई कायची?"

त्याच्या डावीकडची जागा तुम्ही मोकळी ठेवलीत. एकदा मी तिथे खाट टाकून पडलो, तर तुम्ही हात धरून उठवलंत. "हट तिथून. ती त्याची जागा आहे." आईनेही तिथे कधी तुळस लावली नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही हळद-लोणी घेऊन त्याचे खांदे मळायचात. जू कधी न लागलेले ते खांदे. आई त्याच्या कानाशी म्हणायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," आणि मग त्या रिकाम्या जागेकडे वळून, "तुम्हीबी या बरं."

मग चीनची लढाई आली. फॅक्टरी दिवसरात्र चालू लागली, गेटवर झडती कडक झाली आणि फळ्यांचा लिलाव बंद झाला. खोकी भरून सीमेवर जात आणि तिकडेच राहत. तुम्ही म्हणालात, लढाई संपली की करू. पासष्टला ब्लॅकआउट लागला, तेव्हा गल्लीतल्या पहारेकऱ्याला बैलाचे डोळे चमकताना दिसले. आईने दोन्ही डोळ्यांवर शेण थापलं आणि म्हणाली, "झोप रे बाबा, तुलेबी ब्लॅकआउट." त्या दिवसांत आपल्या घरात हसू आलं ते एवढंच. तुम्ही पुन्हा म्हणालात, लढाई संपली की. एकाहत्तरची लवकर संपली, पण तोवर तुमचा खोकला फार वाढला होता. त्यानंतरच्या पोळ्याला बैलाचे खांदे मी मळले. माझी शाळा आधीच आठवीत सुटली होती. तुम्ही गेल्यावर फॅक्टरीत तुमच्या जागी मला घेतलं.

घराचा सौदा झाला त्या दिवशी मी दुसरा बैल करायला घेतला. तुमचा एकटाच टेम्पोत चढू नये, मधे एक पोळा तरी जोडीचा व्हावा, एवढंच मनात होतं. आता खोक्यांना लोखंडी पट्टी नसते, प्लास्टिकची असते. मी जुन्या कूलरची जाळी कापली, फ्रिजच्या पेटीच्या फळ्या घेतल्या. खिळा तिरपा जातो. पोरगा फोनवर म्हणतो, "पापा, टेन्शन मत लो, आराम करा ना." मानेसाठी मी किती फिरलो. शेवटी नव्या कॉलनीसाठी जेसीबीने उकरलेल्या जागेत एक मूळ सापडलं, थेट तुम्ही आणलेल्या मुळासारखं. सुतळीने मापून पाहिलं, तोच चढ, तेच वळण. रिक्षावाला म्हणाला, "काका जी, इसका क्या करोगे?" मी त्याला दहा रुपये जास्तीचे दिले, इतका आनंद झाला होता.

काल मान बसवली आणि मागे सरून पाहिलं. बाबा, मी नक्कल केली. तुमचा डावीकडे बघतो, माझाही डावीकडेच बघतो. त्याने उजवीकडे बघायला हवं होतं. तुमचा इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होता तो आला आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. मूळ उलटं धरून पाहिलं, तर थोबाड जमिनीत जातं. दुसरं मूळ शोधायला ना पायात जोर आहे, ना दिवस उरले आहेत. तुम्ही असतात तर एका नजरेत ओळखलं असतं, आणि पक्कड माझ्या हातातून काढून घेतली असती.

टेम्पो पोराने ठरवला, उद्या पोळा आहे हे त्याला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. सांगून तो टेम्पो परवावर ढकलेल, त्याने काय होणार? आज संध्याकाळी हळद-लोणी घेऊन बसलो. आधी तुमच्या बैलाचे खांदे मळले, मग माझ्या. लोणी उरलं, ते दोघांनाही पुन्हा एकदा लावलं. मग आईसारखं तुमच्याच्या कानाशी तोंड नेलं. आवतण द्यायचं होतं. उद्या जेवायला या, असं म्हणायचं होतं. ते माझ्याने म्हणवलं नाही, बाबा. आवतणच नाही, म्हणून दोघांचेही खांदे पुसले आणि आत आलो.