पडदा ओढणारे अप्पा

विद्यापीठ वसतिगृह,
छत्रपती संभाजीनगर
२४ सप्टेंबर

ती. अप्पांस,
तनुजाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्ही बोलता आणि मी रडते, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात मधेच कुणी ओरडत नाही.

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मी कन्नडला येणार नाही. त्या दिवशी युवक महोत्सवात आमची एकांकिका आहे आणि रंगमंचाची सगळी व्यवस्था माझ्याकडे आहे. दिवे, सामान, तालमींच्या वेळा, रुसलेल्यांची समजूत, सगळं. मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सर्जेरावमामांनी शब्द दिला तो मला न विचारता. तो त्यांनीच पाळावा.

अभ्यास बुडतो असं तुम्ही म्हणता. पहिल्या वर्षी खरंच बुडाला होता, तेव्हा नाटक नव्हतं, नुसतं लोळणं होतं. आता सकाळी प्रॅक्टिकल, दुपारी ग्रंथालय आणि संध्याकाळी तालीम. वेळ कमी पडायला लागला तेव्हा कुठं तो वापरायला शिकले. गुण वाढलेत, ते तुम्ही पाहिलेतच.

आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? माझ्यावर रागवा, पण जेवण सोडू नका.

तुमची,
तनुजा


कन्नड
२९ सप्टेंबर

चि. तनुजास,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथं सगळे खुशाल. अद्रकीला पाणी चालू हाय. तुझी आई म्हणती, घरात कुकरची शिट्टी मोजायचं भान नव्हतं हिला, अन् आता म्हणं दिव्यांचा कारभार बघती!

नाटकात काम असतं तर एक वेळ समजलो असतो, लोकांनी तोंड तरी बघितलं असतं. पडद्यामागं राबून काय मिळतं? पोरगा, अभय, वाळूजला कंपनीत कायम हाय. माणसं पडेगावची, सरळ. असं स्थळ दारात उभं राहत नाय.

रविवारी पहिल्या एसटीनं मीच येतो. पाहुणे दुपारी यायचेत, तवर तुला घेऊन परततो. बॅग भरून ठेव.

आईचा गुडघा बरा हाय. तब्येत सांभाळ, अन् आमचंही ऐकत जा.

अप्पाराव


कन्नड
८ ऑक्टोबर

चि. तनुजास,
आशीर्वाद.

घरी आलो तवा पाहुणे निघून गेले होते. सर्जेराव लई बोलला. मी मान खाली घालून ऐकलं. पडदा ओढत होतो, हे त्याला कसं सांगू?

नाट्यगृहाच्या मागच्या दारानं आत शिरलो तवा तुझा हात धरून बाहेर काढायचं ठरवूनच आलो होतो. तू माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाय. म्हणालीस की अप्पा, पडदा ओढणाऱ्या पोराचा पाय मुरगळलाय, चपला काढा अन् ही दोरी धरा, मी हात खाली केला की ओढा. कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण साहेबानंसुद्धा असा हुकूम दिला नव्हता. धरली दोरी.

मधेच दिवे गेले. पोरं सैरभैर झाली. तू आवाज चढवला नाय. एकाला फ्यूजकडं धाडलं, एकीला अंधारातच गाणं धरायला सांगितलं. लोकांना वाटलं, ते नाटकातच हाय. मलाही तसंच वाटलं.

नंबर आला नाय. बाकीच्या पोरी रडल्या. तू आधी भाड्याचे दिवे टेम्पोत चढवलेस, मग पाणी प्यालीस. तुला न्यायला आलो होतो, ते मला बसमधी बसल्यावर आठवलं.

आता माझा निर्णय ऐक. एक वर्षाची सूट देतो. अभयकडचे थांबतील, मी हातापाया पडतो त्यांच्या. पुढच्या वर्षी मात्र काही ऐकणार नाय.

खांदा दुखतोय. तरी माया कमी झाली असं समजू नको.

अप्पाराव


वसतिगृह
१३ ऑक्टोबर

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

खांद्याला आईकडून तेल चोळून घ्या. त्या दिवशी तुम्ही नसता तर पडदा अर्ध्यावर अडकला असता, हे मी सगळ्यांना सांगितलंय.

पण तुमची सूट मी घेणार नाही. सूट घेतली की हिशेब तुमच्याकडं राहतो. मी परवानगी मागितली नव्हती, कळवलं होतं. आताही कळवतेच आहे. बी.एस्सी. झाली की रुग्णालय व्यवस्थापनाला प्रवेश घेणार. सगळे घाबरतात तेव्हा माझं डोकं थंड होतं. हे मला कुठल्या वर्गात नाही, त्या पडद्यामागं कळलं. जिथं रोजच धावपळ असते तिथं मला काम करायचंय. लग्नाचं त्यानंतर, आणि माणूस मी बघेन.

कुणाच्या हातापाया पडू नका. अभयला मी स्वतः फोन करून नाही म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं सरळ सांगितलंत, मला आजवर सगळं तुमच्या मामांकडूनच कळत होतं. सर्जेरावमामांना ओरडायचं असेल तर माझा नंबर द्या. यापुढं तुम्ही मान खाली घालायची नाही.

दिवाळीला येते. चकल्या तळीन, अद्रकीत खुरपं धरीन, आईचे पाय चेपीन. फक्त साडी नेसून, पोह्यांची ताटली घेऊन कुणासमोर बसणार नाही.

माया आहे तशीच असू द्या. माझीही आहे.

न ऐकणारी, तुमचीच,
तनुजा