रिकाम्या थ्रेडांची हकालपट्टी

ती. आत्या, भाच्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. माझी तब्येत ठणठणीत. हल्ली दुपारी झोपही मिळते. (फोनच केला असता, पण तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही, म्हणून मोबाइलवर लिहून पाठवतोय.)

तुझे चिरंजीव सासऱ्यांच्या बस कंपनीत साहेब झाले, याचा आनंद मलाही झाला होता (पहिला आठवडाभर). तिथली तिकिटांची वेबसाइट मी सांभाळतो. तिच्या सर्व्हरमध्ये थ्रेड नावाची कामकरी मंडळी असतात. कुणी तिकीट काढायला आलं की एक थ्रेड उठतो, काम उरकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी परत जागेवर येऊन बसतो. दर वेळी नवा उभा करायचा तर वेळ जातो, म्हणून गर्दी नसतानाही काही बसवून ठेवायचे. तू पाहुण्यांसाठी पेले घासून पालथे घालून ठेवतेस, दर पाहुण्यामागे बाजारातून नवा पेला आणत नाहीस, तसंच. तुला हे लगेच पटलं असेल. पण तू चिरंजीवांएवढी शिकलेली कुठेस!

चिरंजीवांनी माझ्या खुर्चीमागून स्क्रीन पाहिला आणि विचारलं, "हे एवढे रिकामे का बसलेत?" मी समजावलं, पुन्हा समजावलं. पण ऐकतील ते तुझे चिरंजीव कसले! काम संपलं की थ्रेड तिथल्या तिथे बंद करायचा, असा हुकूम सुटला. सुरुवातीला काही बिघडलं नाही (गर्दीच नव्हती), तेव्हा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसणं झालं. मग सुट्ट्यांचं बुकिंग उघडलं. लोक तुटून पडले आणि आत तयार कुणीच नाही! एकेक थ्रेड नव्याने उभा राहीपर्यंत सगळे ताटकळले. मग घाबरून साहेबांनी थ्रेडांच्या संख्येवरची मर्यादाच उठवली: होऊ देत लागतील तेवढे! झाले, आत्या. इतके झाले की मेमरी संपली आणि सर्व्हरने मान टाकली. काय दिवे लावले म्हणून सांगू!

सासऱ्यांनी जाब विचारला, तर जावईबापूंनी बोट दाखवलं माझ्याकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी! वर म्हणाले, "हा तसाही दिवसभर नुसता बसून असतो." मला घरी पाठवलंय. नोकरी राहते की जाते ते उद्या ठरेल. घर माझ्याच पगारावर चालतं, हे तुला ठाऊक आहे. राग आलाय गं, आणि भीतीही वाटतेय.

तुझा, सध्या बिनकामाचा,
भाचा

ता.क. खरं काम हे: तो जगात फक्त तुला घाबरतो. सासऱ्यांना खरं सांग, असं त्याला बजाव. मी सांगितलं म्हणू नकोस.

आणखी ता.क. हे पाठवणार तोच त्याचा फोन. वेबसाइट परत झोपली, माझ्या जागी आणलेल्या माणसाला काही उमगत नाही, असशील तसा ये म्हणे. मी म्हटलं, आधी सासऱ्यांपाशी चूक कबूल कर, मग आत्याला फोन कर. तिने 'जा' म्हटलं की निघतो. तेव्हा वरची विनंती रद्द. आता एवढंच कर. त्याचा फोन आला की लगेच उचलू नकोस. वाजू दे थोडा.